चौथं शेपूट

४ सप्टेंबर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. बापाने लेकीची माफी मागणं बरं दिसत नाही, पण उशीरच असा झालाय की त्याबद्दल काहीच न लिहिणं त्याहून वाईट दिसेल. मध्ये दोनदा लिहायला घेतलं होतं. एकदा 'तू कशी आहेस' इथवर आलो आणि पुढचं सुचेना. दुसऱ्यांदा तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मी त्याच कागदावर त्याच्या कोटाची मापं उतरवून घेतली. फोन करत नाही, कारण उजवा कान पुरता गेलाय आणि डावा अर्धा. फोनवर मी नुसता 'काय? काय?' करत राहतो आणि पलीकडचा माणूस वैतागतो. पत्ता तुझ्या शेवटच्या पाकिटावरचा घातलाय. तू तिथेच राहतेस असं धरून चालतो.

काळजीचं काही नाही. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर अक्षर बघूनच तुला भलतंसलतं वाटेल. मी ठीक आहे. पोटाचं थोडं चालू आहे, वयाचं असेल. दुकान उघडतो. या महिन्यापासून नवीन शिवण घेत नाही, नुसती दुरुस्ती. चेन बदलणं, कंबर सैल करणं. लोक जाड होत आहेत तोवर मला काम आहे.

लिहायचं कारण भोंगू. तुझा भाऊ अंगाने चांगला आहे, दाढीत पांढरे केस आलेत. अजून मशीनशेजारी त्याच्या त्या स्टुलावर बसतो आणि बटणं निवडतो, दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्यात. पण तो खिडकीशी जायचा बंद झालाय. आधी रोज जायचा. काचेला नाक लावून इतका वेळ उभा असायचा की काचेवर नाकाचा डाग पडायचा आणि मी पुसून पुसून कंटाळायचो. आता काच लख्ख असते. पहिले काही दिवस मला बरंच वाटलं. मग लक्षात आलं की तो बटणं निवडताना एकच वाक्य म्हणतोय, हळू, स्वतःशी. 'ली दोप.'

ली म्हणजे तू आणि दो म्हणजे येणं, एवढं मला येतं. तुमच्या त्या भाषेतले शब्द मी बऱ्यापैकी उचलले आहेत. तू गेल्यापासून त्याच्याशी बोलायला दुसरं आहे कोण? डॉक्टरांनी 'हा बोलणार नाही' म्हणून सांगितलं होतं, आणि तू कापायच्या टेबलाखाली त्याला घेऊन बसायचीस. कुठले आवाज याला काढता येतात ते एकेक शोधलेस आणि तेवढ्यातच शब्द बसवलेस. तेव्हा तू स्वतः दोन वेण्यांची पोर होतीस. खाण्याला तुम्ही 'मामा' म्हणायचात. तुझा मामा आला की भोंगू त्याच्या हातातल्या पुड्याकडे बघून 'मामा, मामा' करायचा, आणि मामाच्या डोळ्यांत पाणी यायचं की पोराने ओळखलं. त्या बिचाऱ्याला आपण कोणीच कधी सांगितलं नाही. ओळख पटल्याच्या समाधानातच गेला तो.

शब्दांचं ठीक आहे. शब्दांच्या शेपटांचं मला कधी नीट उमगलं नाही. तू समजावलं होतंस, पण माझ्या हातात कात्री होती आणि मी 'हो, हो' म्हटलं असणार. मी माझ्यापुरतं असं ठरवलं होतं की 'लू' लागला की आजचं किंवा उद्याचं, आणि 'प' लागला की होऊन गेलेलं, कालचं. दोलू म्हणजे येते किंवा येईल. दोप म्हणजे आली. मग 'ली दोप' म्हणजे ताई आली.

तू आली होतीस का?

हसू नकोस. मी समोरच्या न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, तुमची मुलगी येऊन गेली तर ते मला विचारायचं की तुम्हाला? त्याचंही बरोबर आहे. पण मध्ये चार-दोन सकाळी मी कामासाठी बाहेर होतो आणि भोंगूवर लक्ष ठेवायला न्हाव्यालाच सांगितलं होतं. त्याचं लक्ष म्हणजे गिऱ्हाइकाच्या मानेवर. तू काचेतून भावाला बघून परत गेली असशील तर मी काही म्हणणार नाही. फक्त आली होतीस का, एवढं लिही. आणि 'प'चा अर्थ मी लावतो तोच ना, तेही.

तुझे बाबा


२९ सप्टेंबर

चि. ताईस आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचतं हल्ली, असं न्हावी म्हणतो. पाकीट परत आलेलं नाही म्हणजे कुणीतरी घेतलंय, असं मी म्हणतो.

इकडे एक बाई येऊ लागल्या आहेत. कुठून येतात, का येतात, ते पुढे लिहीन. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याबरोबर काम करतात. मी त्यांना बोलबाई म्हणतो, समोर नाही, मनात. वयाने तुझ्याहून लहान. पायात कॅनव्हासचे बूट, स्वतःच्या ब्लाउजचं एक बटण आल्या दिवसापासून तुटलेलं. मी लावून देतो म्हटलं तर म्हणाल्या, काका, तुम्ही आधी मला याची भाषा शिकवा.

मी शिकवायला बसलो. मास्तर सातवी पास, विद्यार्थिनीच्या दोन पदव्या. शब्द सांगितले, त्यांनी ते लिहून घेतले. मग शेपटांवर आलो आणि मी ऐटीत सांगितलं, लू म्हणजे आज-उद्या, प म्हणजे काल. त्यांनी मान हलवली, पण लिहिलं नाही. दुपारभर भोंगूजवळ बसल्या. बिस्कीट दिलं. तो खात होता तेव्हा म्हणाला 'मामालू'. संपलं तेव्हा 'मामाप'. मी म्हटलं, बघा. त्या म्हणाल्या, थांबा. मागच्या महिन्यापासून खुंटीवर एक कोट लटकलाय, अर्धा टाचलेला, गिऱ्हाईक फिरकलंच नाही. तो दाखवून त्यांनी विचारलं. काम जुनं, म्हणजे 'प' यायला हवा होता. भोंगू म्हणाला 'लू'. मग त्याला शनिवारच्या गाडीचं आणि आपल्या घराचं चित्र दाखवलं. त्या गाडीतून बाईंनी त्याला फिरवून आणायचं ठरलंय आणि त्याला ते कळलंय. फिरणं अजून व्हायचंय. तर त्याने गाडीवर बोट ठेवलं, मग घरावर ठेवलं आणि म्हणाला 'प'. फिरून घरी पोचलेलं.

बाई म्हणाल्या, "काका, या भाषेत काळच नाहीये. ही शेपटं कधीचं ते सांगतच नाहीत. काम कुठवर आलंय ते सांगतात. लू म्हणजे चालू आहे, मधे आहे. प म्हणजे पुरं झालं. मग ते काल असो नाहीतर उद्या."

मी म्हटलं, एकच झालं की. त्या म्हणाल्या, नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मग मला आपल्या दुकानावरून कळलं. गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतं. कधी देणार, आणि कुठवर आलंय. पहिल्याचं उत्तर कॅलेंडरवर असतं, दुसऱ्याचं खुंटीवर. टाचलेला कोट कालही टाचलेलाच होता आणि मी हात लावला नाही तर उद्याही टाचलेलाच राहणार. मी जन्मभर या दोन प्रश्नांची खिचडी करत आलो. कधी देणार असं विचारलं की 'झालाच की' म्हणायचो, आणि कापड अजून गठ्ठ्यात असायचं. तुझी आई आतून हसायची. म्हणायची, तुमचं झालंच म्हणजे अजून सुतळी सुटायचीय.

तुला मात्र हे तेव्हाच माहीत होतं. तू म्हणाली होतीस, बाबा, याला काल आणि उद्या दिसतच नाहीत, समोर चाललंय की संपलंय एवढंच दिसतं, म्हणून मी बाकीचं काढून टाकलं. आता आठवतंय. अगदी हेच शब्द.

बाई गेल्यावर मी कापायच्या टेबलाशी बसलो होतो आणि एकदम अंगावर आलं. सांगतो.

तू गेल्यापासून दर रविवारी दुकान बंद केलं की मी भोंगूला सांगायचो, 'ली दोलू.' मला म्हणायचं असायचं की ताई येईल. कधीतरी येईल. आपण नाही का एकमेकांना म्हणत, धीराला म्हणून. आणि त्याला ऐकू जायचं, ताई येतेय. निघालीय, रस्त्यात आहे. तो उठून खिडकीशी जायचा. मी गिऱ्हाइकांना सांगायचो की याला गाड्या बघायचा भारी नाद. रविवारी सांगितलेलं येणं त्याच्यासाठी सोमवारीही चालूच असायचं, मंगळवारीही. कुणी त्याला संपलं म्हणून सांगितलंच नाही. ते थोडं विरायला लागायचं तेवढ्यात पुढचा रविवार यायचा.

किती वर्षं, ते लिहीत नाही. तू मोज.

पण मग एक गोष्ट चांगली निघते, ती तुला लिहायलाच बसलोय. 'प' म्हणजे कालचं नव्हे, हे बाईंनी पक्कं सांगितलंय. उद्याच्या गोष्टीलाही 'प' चालतो. म्हणजे 'ली दोप' याचा अर्थ तू येऊन गेलीस असाच होतो असं नाही. ताई येऊन पोचलेली, घरात, आणि हे अजून व्हायचंय, असाही होतो. भोंगूला काही कळलंय का? तू कुणाकडे काही निरोप दिलायस का? खिडकीत बघायची गरज त्याला वाटत नाही ती यामुळेच असेल. पोचणारच आहे तर बघायचं कशाला.

मला हे खरं वाटतंय. काल मी तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली. टाकायला नको होती, कंबर धरली.

तू येत असशील तर आधी कळव. न कळवता आलीस तरी चालेल.

बाबा


१७ ऑक्टोबर

ताईस आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी काही गोष्टी लिहिल्या नाहीत आणि एक चुकीची लिहिली. न लिहिलेल्या आधी सांगतो.

बाई केंद्रातून येतात. तेच केंद्र, शहराबाहेर झाडी आहे तिथलं, ज्याच्यावरून तुझं-माझं बिनसलं. आई गेल्यावर तू म्हणालीस, भोंगूला तिथे ठेवू, तिथे शिकवणारी माणसं आहेत. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. तू म्हणालीस, मग तुम्ही जिवंत असेपर्यंत मीही नाही. आपण दोघंही तोंडाचे तिखट आणि शब्दाचे पक्के. आता मीच त्यांच्या दारात जाऊन आलो. त्या चार-दोन सकाळी मी बाहेर होतो म्हणून लिहिलं ना, त्यातली एक केंद्रात गेली आणि बाकीच्या इस्पितळात. पोटात गाठ आहे. कापायचं म्हणतात. कापून काय होईल असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बघू. हे 'बघू' मला चांगलं ओळखीचं आहे. कापड कमी पडणार हे दिसत असताना मीही गिऱ्हाइकाला बघू म्हणायचो.

केंद्रात नवीन माणसाला घ्यायचं तर आधी घरी येऊन त्याचं बोलणं-चालणं समजून घेतात. म्हणून बाई. पुढच्या आठवड्यात मी भोंगूला सोडणार, त्याच दिवशी मी भरती होणार.

आता चुकीची गोष्ट.

परवा बाई त्याच्याजवळ बसल्या होत्या आणि तो त्याचं वाक्य म्हणाला. त्यांनी मला विचारलं, काका, तुम्ही तर 'दोप' सांगितलं होतंत. हा 'दोफू' म्हणतोय.

मी म्हटलं, तेच ते. त्या म्हणाल्या, नाही, ओठ बघा. 'प' म्हणताना ओठ मिटून राहतात. हा शेवटी वारा सोडतोय. मला ऐकू येईना. मला ते दोन्ही एकच वाटतात, कानात कापूस घातल्यासारखे. तेव्हा त्यांनी माझा हात धरून भोंगूच्या तोंडासमोर नेला आणि बिस्कीट संपवायला लावलं. 'मामाप.' तळहाताला काही लागलं नाही. मग त्यांनी विचारलं, ली? तो म्हणाला ते मला ऐकू नाही आलं, हाताला लागलं. वारा लागला.

बाईंनी विचारलं, हे तिसरं शेपूट कुठलं? तुम्ही सांगितलं नव्हतंत.

सांगितलं नाही, कारण मला वाटायचं ते एकदाच वापरलेलं आहे. त्याला भाषा म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

तुला आठवत असेलच. आईला त्या दिवशी घरी सोडणार होते. मामा तिला गाडीत घेऊन निघाला आणि त्याने इस्पितळातून फोन केला की निघालो. तू भोंगूला सांगितलंस, 'आई दोलू.' खोटं नव्हतं ते. ती खरंच येत होती, रस्त्यात होती. भोंगू खिडकीशी जाऊन उभा राहिला. नंतर मामाचा दुसरा फोन आला, रस्त्यातूनच. गाडी अर्ध्या वाटेवरून मागे वळवली होती.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. तू मात्र मेणबत्तीचा एक तुकडा शोधून काढलास, दिवसाउजेडी पेटवलास, आणि भोंगूपुढे बसलीस. 'आई दोलू' म्हणालीस आणि ज्योतीकडे बोट केलंस. मग फुंकलीस. 'आई दोफू.' पुन्हा पेटवलीस, पुन्हा फुंकलीस. तो समजेपर्यंत. मला राग आला होता, आई गेलीय आणि ही खेळ काय मांडून बसलीय. समजल्यावर तो खिडकीपासून आपणहून बाजूला आला आणि त्यानंतर आईसाठी एकदाही खिडकीशी गेला नाही.

म्हणजे येणं पुरं झालं त्याला एक शेपूट, आणि येणं रस्त्यातच विझलं त्याला दुसरं. मी बाईंना सांगितलं. बाई तुटक्या बटणाशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, जिने ही भाषा केली तिला मला भेटायचंय. मी म्हटलं, मलाही.

तुझ्या भावाच्या लेखी तू गेलीस, ताई. घरी येता येता रस्त्यात. मीच तुला इतके रविवार रस्त्यात उभं केलं होतं.

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की तसं नाही, ताई आहे. पण आहे म्हणजे काय? येत नाही, आलेली नाही, पण विझलेलीही नाही. 'ली दोलू' म्हटलं तर परत खिडकी. 'दोप' म्हटलं तर तो आतल्या खोलीत जाऊन बघणार. तेवढ्यात माझ्या हातून बटणांचा डबा सांडला, तो आम्ही दोघांनी मिळून भरला.

हे वाचून तू येशील अशा हिशेबाने लिहिलेलं नाही. लिहिलं असेल थोडं. पण तू केलेली गोष्ट मी मोडली, ती कशी दुरुस्त करायची ते तुलाच विचारावं लागतं. एका टाक्याचं काम असेल तर सांग, मी शिकतो.

केंद्राचा पत्ता खाली देतोय. मंगळवारनंतर तिथे लिही.

बाबा


२५ ऑक्टोबर, इस्पितळातून

ताईस आशीर्वाद.

अक्षर वाईट आहे, हाताला सुई आहे. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ गवंडी आहेत. त्यांच्याकडून पुठ्ठा घेऊन त्यावर लिहितोय. ते म्हणतात, मास्तर, एवढं लिहिताय, काय पुस्तक आहे का? मला सगळे इथे मास्तर म्हणतात. टेलरमास्तर म्हणून सांगितलं होतं, पुढचं टेलर गळलं.

मंगळवारी भोंगूला सोडलं. त्याची बटणं बरोबर दिली आहेत. जागा चांगली आहे. स्वच्छ आहे, मोठी खिडकी आहे, तिच्यातून नुसती झाडं दिसतात, रस्ता दिसत नाही. ते मला बरं वाटलं. तू तेव्हा म्हणत होतीस ते बरोबर होतं, असं मी इथे लिहितो आणि पुढे जातो.

मी सकाळपासून एकच विचार करत होतो की निघताना त्याला काय सांगायचं. बाईंनाही विचारलं. 'बा दोलू' म्हणालो तर तो त्या झाडांकडे बघत उभा राहणार, आणि माझं काही बरंवाईट झालं तर कुणी त्याला बाजूला करायचं? 'बा दोप' तर चक्क खोटं, मी दारातून बाहेर पडत असताना. तिसरं मला म्हणवेना. बाई म्हणाल्या, काका, काहीच बोलू नका, डोक्यावरून हात फिरवा.

तेव्हा मला तू आठवलीस. गेलीस त्या दिवशी तू दारात मला 'आलेच' म्हणालीस. आपल्या भाषेत चालतं ते. आलेच म्हणायचं आणि जायचं, झालंच म्हणायचं आणि कापड गठ्ठ्यात ठेवायचं. पण भोंगूला तू काही बोलली नाहीस. नुसता डोक्यावरून हात फिरवलास. मला केवढा राग आला होता. वाटलं, त्याच्यासाठी अख्खी भाषा केली आणि जाताना एक शब्द देववेना. आता समजतंय, तुझ्याकडे नव्हताच शब्द. परत येईन की नाही हे तुलाच ठाऊक नव्हतं, आणि ज्या भाषेत खोटं बोलायची सोय नाही अशी तू ती केली होतीस.

फाटकाशी मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढंच करायचं ठरलं होतं. पण सवय वाईट. तोंडातून निघून गेलं, "आलोच."

त्याला ते कळलं नाही, आपलं बोलणं त्याला कळतच नाही. तो माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होता. निळी, लाकडी मुठीची. माझ्या लक्षात आलं नव्हतं, आईला इस्पितळात नेताना तिचे कपडे त्याच पिशवीत भरले होते. घरात दुसरी धड पिशवी नाही. तो पिशवीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं. त्याला ठाऊक आहे मला ऐकू येत नाही, हल्ली जवळ येऊन बोलतो. म्हणाला, "बा दोफू."

गालाला वारा लागला.

मी अजून आहे. गवंड्याशी बोलतो, चहा पितो. उद्या सकाळी कापणार आहेत. पण तिकडे मी विझून झालोय. तो रडला नाही. बाईंचा हात धरून आत गेला. बाईंचं बटण मी आदल्या दिवशी लावून दिलं होतं, तेवढं एक काम पुरं केलं.

तर माझं मागणं असं. तू येऊ नकोस म्हणत नाही, ये म्हणत नाही. पहिली तीन पत्रं परत आली नाहीत, तेवढ्या भरवशावर हे चौथं लिहितोय. तुझ्या भाषेला एक शेपूट कमी पडतंय. चालू आहे त्याला आहे, पुरं झालं त्याला आहे, विझलं त्याला आहे. जे सुरूही झालेलं नाही आणि विझलेलंही नाही, होईल की नाही सांगता येत नाही पण दार लावून घेतलेलं नाही, त्याला नाही. तेवढं एक कर. मला करता येणार नाही. मी खूप खटपट केली, माझं प्रत्येक शेपूट आज-उद्यावर जाऊन बसतं. त्याला काढता येईल असाच आवाज घे. पुढचे दोन दात पडलेत त्याचे, ते ध्यानात ठेव. शिकवायचं कसं तेही लिही, मेणबत्तीसारखं काहीतरी. बाई शिकवतील, त्या हुशार आहेत.

माझ्यासाठी वेळेत पोचलं नाही तरी चालेल. तुझ्यासाठी लागेल. तू अजून आहेस, आणि त्याला ते सांगायला कुणाकडे काही नाही.

मला नको पाठवू, केंद्रात पाठव, बाईंच्या हाती. वर मजकूर नसला तरी चालेल, खाली नाव नसलं तरी चालेल. शब्द तेवढा पाठव, लवकर.

तुझे बाबा